नऊ तारखेला आम्ही, दहा तारखेला ते

२०२४ च्या डिसेंबरातले दोन दिवस डोक्यातून जात नाहीत. नऊ तारखेला, सोमवारी, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं. बेळगाव महाराष्ट्रात मागणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, म्हणजे आमच्या समितीच्या, महामेळाव्याला परमिशन नव्हती, व्हॅक्सिन डेपोच्या भागात जमावबंदी, आणि संभाजी चौकात जमलेल्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी गाड्यांत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी, दहा तारखेला, सुवर्णसौधजवळच मागासवर्गीयांतल्या ‘२ए’ गटातलं आरक्षण मागायला आलेल्या पंचमसाली लिंगायत समाजावर लाठीचार्ज झाला. शहर एकच, सरकार एकच, मधे फक्त एक रात्र गेली. आणि त्यानंतर आठवडाभर बेळगावात जे बोलणं चाललं ते ऐकून मला लाठीपेक्षा जास्त वाईट वाटलं. आमच्यातले लोक म्हणत होते, बरं झालं, आता कळू दे त्यांना आम्ही सत्तर वर्षं काय भोगतोय. तिकडचे म्हणत होते, आमचं आंदोलन न्यायाचं, पण समितीवर बंदी घातली ते बरोबरच आहे. आणि तिसरे, चांगल्या मनाचे, सुशिक्षित लोक, ते म्हणत होते की आता तरी भाषेचा वाद सोडा आणि लोकशाहीसाठी एक व्हा.

मला तिन्ही चुकीचे वाटतात, आणि तिसरं सगळ्यात जास्त, कारण ते ऐकायला बरं वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सीमाभागात नागरी स्वातंत्र्यासाठी सगळ्या भाषांच्या, सगळ्या जातिधर्मांच्या लोकांची आघाडी उभी राहायलाच पाहिजे, ती गल्लीतनं आणि शिवारातनं उभी राहायला पाहिजे, आणि तिच्यासाठी कुणालाही आपला प्रश्न सोडायला सांगायचं नाही. मराठी माणसाला सीमाप्रश्न विसर म्हणायचं नाही, कन्नड माणसाला कर्नाटकाचा अभिमान सोड म्हणायचं नाही. मागणं फक्त एवढंच की सभा घेण्याचा, बोलण्याचा, विनाकारण आत न जाण्याचा हक्क माझा आहे तसा तुझाही आहे, आणि तुझी मागणी मला मुळीच पटत नसली तरी आहे.

हे मला पुस्तकातनं सुचलेलं नाही. आमच्या गल्लीत एक मामा राहतात, फौंड्रीत आयुष्य घालवून रिटायर झालेले, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, समिती पाळते त्या काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून चालणारे. त्यांना नोटीस आली. शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून द्या, जामीनदार घेऊन या, असली ती नोटीस, जिला सगळेजण अजून जुन्या कायद्याच्या नंबरानं ‘एकशे सात’ म्हणतात. कागद पूर्ण कन्नडमध्ये. मामांना कन्नड बोललेलं समजतं, वाचता येत नाही. मी अक्षरं जुळवत जुळवत वाचतो, पण सरकारी कन्नड मलाही जड जातं. तारखेला आम्ही दोघं गेलो, तर व्हरांड्यातल्या बाकड्यावर एक शेतकरी बसलेला, खांद्यावर टॉवेल, हातात तसाच कागद. बायपासच्या रस्त्यात त्याची जमीन जात होती, तिथं आडवा उभा राहिला म्हणून. त्यानं मामांच्या हातातला कागद बघितला, म्हणाला, ‘‘नमगू इदे बंदैत्री.’’ आम्हालाबी हेच आलंय. मग त्यानं मामांची नोटीस एकेक ओळ वाचून दाखवली, आधी कन्नडमध्ये, मग मोडक्या मराठीत. मी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. कलम तेच, छापील मजकूर तोच, खालचा शिक्का तोच. पेनानं भरलेली नावं आणि गाव तेवढं वेगळं होतं.

आता विरोधातला सगळ्यात जड मुद्दा घेतो, कारण तो मला रोज ऐकायला मिळतो आणि तो खोटा नाही. ‘‘आमच्या वेळेला कोण आलं होतं?’’ १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव महाराष्ट्रात मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा कोण आलं होतं? १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात माणसं मेली, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक उभं आहे, तिथं दरवर्षी फुलं वाहायला किती कन्नड मित्र येतात? २०१४ च्या जुलैत येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढला आणि नंतर पोलिसांनी घरात घुसून माणसांना मारलं, बायकांनासुद्धा सोडलं नाही, तेव्हा बंगळूरचे मानवी हक्कवाले कुठं होते? हे विचारणाऱ्याला मी गप्प बस म्हणणार नाही. ज्याच्या पाठीवर वळ उठलेत त्याला हिशोब मागायचा हक्क आहे.

पण हिशोब करायचाच तर दोन्ही बाजूंनी करू. १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदला पाणीपट्टीच्या विरोधात उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा आपण कुठं होतो? २०२१ च्या डिसेंबरात बंगळूरला शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगेच इथं अनगोळमध्ये कित्तूरच्या लढ्यातले वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोन्ही सारखंच नीच काम होतं, पण आपल्यातल्या बहुतेकांच्या तोंडातनं पहिल्याबद्दल जेवढं निघालं तेवढं दुसऱ्याबद्दल निघालं का? मग त्यात आपल्या पोरांवर राजद्रोहाचं कलम लागलं तेव्हा कन्नड भाषिकांनी बोलावं अशी अपेक्षा करायला आपल्याकडे काय शिल्लक होतं? ‘आधी त्यांनी यावं’ हे दोन्ही बाजू म्हणत राहिल्या तर कोण येणार? कुणीतरी आधी जायला लागतं, आणि ज्याच्यावर जास्त अन्याय झालाय त्यानंच आधी जावं हे मला ठाऊक आहे किती अवघड मागणं आहे, तरी मागतो, कारण लाठी कशी लागते हे त्याला सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट आपण बघतच नाही. दुसऱ्याच्या लढाईत मिळालेला हक्क आपल्यालाही वापरता येतो. २०१९ च्या डिसेंबरात बंगळूरला नागरिकत्व कायद्याच्या विरोधात लोक निघणार म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं, टाऊन हॉलसमोर रामचंद्र गुहांसारख्या इतिहासकाराला पोलिसांनी ओढत नेलं. लोक हायकोर्टात गेले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत कर्नाटक हायकोर्टानं तो जमावबंदीचा आदेशच बेकायदा ठरवला. त्याच्या महिनाभर आधी, काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की कायदेशीर मार्गानं मत मांडणं दाबायला १४४ वापरता येणार नाही. या केसेस आपल्या नव्हत्या. एकही मराठी सभा त्यात नव्हती. पण उद्या महामेळाव्यासाठी कोर्टात उभं राहायचं तर वकील पहिल्यांदा हेच निकाल काढणार आहे. निकालाला मातृभाषा नसते. नंबर बदललाय, १ जुलै २०२४ पासून १४४ च्या जागी नव्या संहितेतलं १६३ आलंय, पण काम तेच.

दुसरा आक्षेप समितीतल्या जुन्या माणसांचा, आणि तोही मी मनापासून घेतो, कारण त्यांनी आयुष्य घातलंय. ते म्हणतात, आघाडी म्हणजे पातळ होणं. आमची एकच मागणी होती म्हणून आम्ही टिकलो, राष्ट्रीय पक्षांच्या मागं लागून मराठी मतं फुटली, २०१८ ला आणि २०२३ ला विधानसभेत समितीचा एकही आमदार गेला नाही, आणि आता तुम्ही अजून एक टोपी घालायला सांगताय? दुधात पाणी किती ओतायचं? खरं आहे, फाटाफुटीनं आपलं वाटोळं केलंय. पण ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीचा वारसा आपण सांगतो ती काय होती हे आठवून बघा. १९५६ च्या फेब्रुवारीत ती स्थापन झाली तेव्हा त्यात डांग्यांचे कम्युनिस्ट होते आणि एस. एम. जोशींचे समाजवादी होते, जे एकमेकांवर जन्माचा अविश्वास ठेवून होते. शेकाप होता, दलित फेडरेशनवाले होते, अत्रे आणि प्रबोधनकार होते, ज्यांची लेखणी मित्रालाही सोडत नव्हती. यातला कुणी पातळ झाला? कम्युनिस्ट कम्युनिस्टच राहिला, अत्रे अत्रेच राहिले. मागणी एक ठेवली आणि बाकी भांडणं दाराबाहेर ठेवली, म्हणून १ मे १९६० उजाडला. बेळगाव त्यात आलं नाही ही आपली जखम आहे, पण ती आघाडी केल्यामुळं झालेली नाही.

याहून जवळचं उदाहरण तर आपल्या पायाखाली आहे. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं, टिळकवाडीत वीरसौध आहे, काँग्रेस विहीर आहे, शाळेच्या पोरांना दाखवायला नेतात. पण त्या अधिवेशनात काय झालं ते पोरांना कुणी सांगत नाही. तेव्हा गांधीजींचे लोक आणि चित्तरंजन दास-मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्ष यांच्यात उभं भांडण होतं, कायदेमंडळात जायचं की बहिष्कार घालायचा यावरनं. दोन वर्षं एकमेकांना सुनावणं चालू होतं. मग २५ ऑक्टोबर १९२४ ला इंग्रज सरकारनं बंगालमध्ये वटहुकूम काढला आणि सुभाषबाबूंसकट कितीतरी जणांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. धरलेल्यांत बरेच स्वराज्य पक्षाचे होते, म्हणजे गांधीजींच्या विरोधी गटाचे. गांधीजींना म्हणता आलं असतं की बघा, कायदेमंडळात जाऊन काय मिळालं. ते तसं म्हणाले नाहीत. ते कलकत्त्याला गेले, दास आणि मोतीलालजींबरोबर बसले, परदेशी कापडाचा बहिष्कार सोडून बाकी असहकार स्थगित करायला तयार झाले. स्वराज्यवाल्यांनी बदल्यात महिन्याला दोन हजार वार सुताची सभासदत्वाची अट मान्य केली, जी त्यांना अजिबात आवडत नव्हती. त्या करारावर शिक्का बसला तो डिसेंबरात, आपल्या बेळगावात. विरोधकाला विनाखटला आत टाकलं म्हणून त्याच्या बाजूनं उभं राहायचं, हे या गावात शंभर वर्षांपूर्वी ठरलं होतं. शंभरी साजरी झाली, दिव्यांची रोषणाई झाली, आणि ज्या डिसेंबरात ती झाली त्याच डिसेंबरात वरच्या दोन तारखा आहेत.

तिसरा आक्षेप इतिहास वाचलेल्यांचा. आघाड्या टिकत नाहीत. जनता पक्षाचं काय झालं? १९७७ ला आले, १९७९ ला फुटले, १९८० ला इंदिराबाई परत. हे खरंच आहे आणि मी त्याला झाकत नाही. पण दोन वर्षांत त्यांनी ४४ वी घटनादुरुस्ती केली ती आजही आहे. नुसत्या ‘अंतर्गत अशांतते’चं कारण सांगून आता आणीबाणी लावता येत नाही, आणि लावली तरी कलम २१ मधला जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कोर्टात मागता येतो. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की तो मागता येत नाही, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. म्हणजे आघाडी फुटली पण तिनं बांधलेली भिंत उभी राहिली. मग आघाडी कायम टिकलीच पाहिजे असा हट्ट कशाला? नदीला पूर आला की गाव बांध घालायला एक होतं, पाणी उतरल्यावर आपापल्या घरी जातं, त्याला कुणी फुटलं म्हणत नाही. अजून एक, हे सांगताना मला अवघडल्यासारखं होतं. १९७७ ला आपल्या कर्नाटकानं २८ पैकी २६ खासदार काँग्रेसचे निवडून दिले होते. आणीबाणी उठवणाऱ्या लाटेत आपलं राज्य नव्हतं. ४४ वी दुरुस्ती आपल्याला मिळाली ती दुसऱ्यांच्या मतांमुळं. आणि त्याच आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात मधू दंडवते होते, अडवाणी होते, स्नेहलता रेड्डी होत्या. कोकणचा समाजवादी, जनसंघाचा नेता आणि कन्नड सिनेमातली नटी. स्नेहलताबाई दम्यानं खंगल्या, सुटल्या आणि १९७७ च्या जानेवारीत गेल्या. त्यांच्याबद्दल सीमाभागातल्या मराठी घरात मी कधी एक शब्द ऐकला नाही.

कुणी म्हणेल हे सगळं केंद्रातल्या एका पक्षाविरुद्ध चाललंय. तसं असतं तर सोपं होतं. २०२२ ला महामेळावा अडवला तेव्हा इथं भाजपचं सरकार होतं, २०२४ ला काँग्रेसचं. २०२५ च्या ऑक्टोबरात याच काँग्रेस सरकारनं आदेश काढला की सरकारी मैदानं, रस्ते अशा जागी दहापेक्षा जास्त लोक जमवायचे तर आधी परवानगी घ्या, सगळ्यांना कळत होतं की रोख संघाच्या शाखांवर आहे, आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. त्या वेळी माझे डावे मित्र खूश होते आणि स्थगितीनंतर नाराज झाले. मी त्यांना विचारलं, तो आदेश टिकला असता तर तुमच्या बिडी कामगार बायकांची सभा कुठं घेतली असती? आणि महाराष्ट्रात गेलो की सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांना, मलाही लहानपणापासून तेच वाटत आलंय, एवढंच सांगतो की जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं संघटनांना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला देणारं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याच्या मसुद्यावर बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या, तरी मंजूर केलं. सीमाप्रश्न सुटला पाहिजे, खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे तो निकालात निघाला पाहिजे, पण निकाल आपल्या बाजूनं लागला तरी नोटीस यायची थांबणार नाही. ती फक्त मराठीत येईल.

हद्द फक्त आपण मानतो, मारणारे मानत नाहीत. आमच्या एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला धारवाड, दोन्हीकडे दोन-अडीच तासांत पोचतो. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरेंना गोळ्या घातल्या, ऑगस्टात धारवाडला कलबुर्गींना घरी जाऊन मारलं. त्याआधी पुण्यात दाभोलकर, नंतर बंगळूरला गौरी लंकेश. गौरीबाईंच्या खुनाचा तपास करणाऱ्या कर्नाटकच्या एसआयटीला जे धागे मिळाले त्यांचा उपयोग महाराष्ट्रातल्या तपासाला झाला. खुनी हद्द ओलांडून गेले, पोलीससुद्धा शेवटी हद्द ओलांडून एकमेकांना माहिती द्यायला लागले. शोकसभा मात्र आपण वेगळ्या घेतल्या, मराठी लेखकांसाठी मराठीत आणि कन्नड लेखकांसाठी कन्नडमध्ये.

राहिला सगळ्यात टोकदार प्रश्न, या आघाडीत घ्यायचं कुणाला? जी संघटना आमच्या दुकानांच्या पाट्यांना काळं फासते, आमचा मेळावा बंद पाडा म्हणून निवेदन देते, तिच्याही हक्कासाठी आम्ही उभं राहायचं? माझं उत्तर दोन भागात आहे. तिला सभा घ्यायची असेल आणि सरकारनं अडवली तर हो, उभं राहायचं, दात-ओठ खाऊन का होईना. पण आघाडीच्या कमिटीत मात्र बसवायचं नाही. दुसऱ्याची सभा बंद करा असं जो मागतो तो, मग मराठी असो, कन्नड असो, कुठल्याही धर्माचा असो, त्या कमिटीत बसू शकत नाही, आणि दगड उचलणारा तर अजिबात नाही. निवडणुकीला उभं राहणाराही नको. १९८१ चं निपाणी आठवा, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे दिवसेंदिवस अडवून धरला, त्यात मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते, शेवटी गोळीबार झाला आणि माणसं गेली. तिथं कुणी कुणाला सीमाप्रश्नावर तुझं मत काय म्हणून विचारून रस्त्यावर बसवलं नव्हतं.

करायचं काय ते फार मोठं नाही. भाषण करणारे नकोत, कागद बघणारे पाहिजेत. परमिशन नाकारली तर तोंडी ऐकून परत यायचं नाही, कारणासकट लेखी मागायचं, आणि अर्ज दोन्ही भाषांत द्यायचा. कुणाला उचललं तर कुठल्या ठाण्यात आहे हे तासाभरात घरच्यांना कळलं पाहिजे, म्हणून भागवार फोन नंबर. दोन्ही भाषा वाचणारे चार वकील. आणि जामीनदार. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण जामिनाला जमिनीचा उतारा लागतो आणि परक्यासाठी उतारा द्यायला कुणी धजत नाही. उताऱ्याला कन्नडमध्येही आमच्याकडे उतारच म्हणतात.

मामांच्या नावावर कडोलीच्या बाजूला थोडी जमीन आहे. बाकड्यावर भेटलेल्या त्या शेतकऱ्याच्या पुतण्याला जामीनदार मिळेना तेव्हा मामांनी उतारा दिला. घरी मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. ‘‘उद्या तो पळून गेला तर काय करूलाय?’’ एवढंच एकदा म्हणाल्या. मामांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पोरगं अजून प्रत्येक तारखेला हजर राहतंय.

पुढच्या महामेळाव्याच्या अर्जाखाली पंचमसाली समाजातल्या दोघांच्या सह्या घ्यायच्या असं आम्ही सात-आठ जणांनी ठरवलंय. त्या दहा तारखेला दोघंही तिथं होते, एकाच्या हाताला टाके पडले होते. एकजण सही करतो म्हणालाय. दुसरा म्हणाला, घरात विचारून सांगतो, गावात राहायचं आहे मला. रविवारी त्याच्याकडे परत जाणार आहे.